सात नंबरची डबी

प्रश्न १. मन कसं आहे?

“बरं आहे,” पडदेवाली म्हणाली.

“बरं म्हणजे?”

“म्हणजे आपल्याला मन आहे हे दिवसभर आठवत नाही.”

डॉक्टरबाईंनी शून्याला गोल केला. सतरा प्रश्नांच्या त्या कागदावर शून्यासारखा गोड आकडा नाही. गुण जितके कमी, तितका माणूस बरा. वर्षापूर्वी याच खुर्चीत हिला एकोणतीस पडले होते, तेही बाईंनी हात आखडून दिले होते म्हणून, कारण त्या दिवशी निम्म्या प्रश्नांना हिने तोंडच उघडलं नव्हतं. आज बेरीज सहाच्या पुढे जाईल असं दिसत नव्हतं.

डिप्रेशनवर गोळ्या थकल्या, बोलणं थकलं, की मग या खोलीत यायचं. डोक्याला दोन भोकं, मेंदूत दोन बारीक तारा, कानामागून कातडीखालून गळ्याशी उतरलेली वायर आणि छातीच्या वरच्या बाजूला, कातडीच्या आत, काड्यापेटीएवढी डबी. डबी तारांना करंट देते, तारा मेंदूला हलकेच जागं ठेवतात. बाईंचं आयुष्य यावर गेलं होतं. आतापर्यंत नऊ जणांना तारा घातल्या. चौघांना काडीचा फरक नाही. पाच जण सुधारले, आणि त्या पाचांतही मिरवावी अशी एकच: सात नंबर. रुग्णांना नंबरानेच हाक मारायची असा नियम होता, पण नंबर माणसाला किती दिवस पुरणार? ही घरी पडदे शिवायची, म्हणून पडदेवाली.

शुक्रवारी कमिटी बसायची होती. आणखी तीस जणांच्या डोक्यात तारा घालायच्या की नाही, ते ती ठरवणार होती. आज बुधवार.

“मॅडम, मी काही बोलू का?” शेजारच्या खुर्चीतून नवऱ्याने विचारलं. हा लिफ्ट दुरुस्त करणारा. कामाच्या कपड्यांतच आला होता, नखांत ग्रीस. बायकोला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ओठांवर दाबून ठेवताना त्याचा गुडघा सारखा हलत होता.

“विचारा.”

“विचारायचं नाही, सांगायचंय. बॅटरी फार मस्त बसलीये. पहिल्यांदा दर रविवारी पाऊण तास चकती लावून बसायला लागायचं. आता दहा मिनिटांत चार्ज फुल. मी हिला म्हटलं, नव्या लिफ्टचंही असंच असतं. दोर ताणून बसेपर्यंत मोटर करंट खाते, एकदा बसले की हलकी चालते.”

पडदेवाली खिडकीच्या पडद्याकडे बघत होती. त्याची शिवण उसवली होती.

बाईंचं पेन कागदावरच थांबलं. मेंदूला दोर नसतात. डबी रोज सारखाच करंट देते, म्हणजे रोज सारखाच खर्च करते. पाऊण तासाचं काम दहा मिनिटांत उरकत असेल, तर डबी खर्चच करत नाहीये.

डबी आपली नोंद आपणच ठेवते, किती दिवस चालू, किती दिवस बंद. ही नोंद वर्षातून एकदाच वाचायची, हा नियम खुद्द बाईंचा. वाचताना करंट दोन मिनिटं थांबतो, आणि बाईंना मध्ये काहीही यायला नको होतं. शिवाय सतरा प्रश्न विचारणाऱ्याला डबीतलं काही ठाऊक नसावं, म्हणजे मनात झुकतं माप राहत नाही. किती विचार करून केलेला नियम होता.

त्यांनी वाचायची चकती पडदेवालीच्या ब्लाउजवरूनच डबीवर धरली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन ओळी आल्या.

चालू: १५३ दिवस.

बंद: २१२ दिवस. सलग. आजपर्यंत.

“एक काम करता?” बाई लिफ्टवाल्याला म्हणाल्या, आणि हाताला लागला तो फॉर्म पुढे केला. “खाली खिडकीवरून यावर शिक्का आणा.”

फॉर्मवर शिक्का होता. पण तो माणूस इतक्या तत्परतेने उठला की त्याने बघितलंसुद्धा नाही.

प्रश्न २. स्वतःला दोष देता का?

“कधी बंद केलं?”

काय बंद केलं, असं पडदेवालीने विचारलं नाही. डबीला एक छोटा रिमोट असतो, अडीनडीला बंद करता यावी म्हणून रुग्णाच्या हातात दिलेला. तो तिच्या पर्समध्ये असायचा.

“हॉलच्या पडद्यांच्या वेळी. बावीस पडदे होते, उभ्या पट्ट्यांचे. पट्टीला पट्टी जुळली पाहिजे, नाहीतर लांबून भिंत वाकडी दिसते. हे छातीतलं मशीन चालू असलं की माझा डावा अंगठा ओढतो, थोडासाच. कापड सरकतं. तुम्हाला सांगितलं होतं मी.”

सांगितलं होतं. बाईंनी लिहिलंही होतं. त्यापुढे ‘किरकोळ’ असा शेरा मारला होता.

“एका दिवसापुरतं बंद केलं. रात्री लावायचं विसरले. सकाळी आठवलं. म्हटलं, आता येणार. शिवणाच्या मशीनवर काम करता करता वाट बघत होते, आता येईल, आता येईल. आली नाही.”

“कोण?”

“तीच. मला पलंगाला बांधून ठेवायची ती.”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. “मग आम्हाला का नाही सांगितलं?”

“कसं सांगू? तुमचं सगळं माझ्यावर उभं आहे. तुम्ही मला लिफ्टपर्यंत सोडायला येता. बाकीच्या आठांना येता का?”

बाईंनी विषय बदलला.

“आणि घरी? घरी तरी?”

पडदेवाली हसली. हसताना तिच्या कपाळावरची टाक्याची रेघ किंचित वर गेली.

“घरचं तुम्हाला काय सांगू? अकरा वर्षं मी उठत नव्हते. सासूबाई म्हणायच्या, सोंग आहे. जाऊ म्हणायची, असं झोपायला आम्हालाही येतं हो, पण आमच्या नशिबात कुठलं. हे काही म्हणायचे नाहीत. हे दार ओढून कामावर जायचे. ते सगळ्यात वाईट. मग तुम्ही आम्हाला इथे बसवून ते चित्र दाखवलंत. मेंदूचं. त्यात लाल डाग होता.”

बाईंनी खाली बघितलं. ते चित्र हिचं नव्हतंच. चोवीस आजारी माणसांच्या मेंदूंची ती सरासरी होती. एकट्यादुकट्याच्या मेंदूत असा डाग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण घरच्यांना सरासरी कळत नाही, डाग कळतो, म्हणून बाई सगळ्यांना तेच दाखवीत.

“ह्यांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, फॉल्ट इथे आहे का? तुम्ही हो म्हणालात. बास. तेवढ्यावर माझं घर बदललं. गाडीत हे आपल्या आईला म्हणाले, हिची तार सुटली होती गं, हिचा काय दोष. ऑपरेशननंतर माझं बोडकं डोकं आणि टाके बघून सासूबाई रडल्या. म्हणाल्या, एवढं होतं तर आधी सांगायचंस ना. आता अकरा वर्षं मी दुसरं काय सांगत होते?”

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. पडदेवालीने आवाज थोडा खाली आणला.

“आणि हे दर रविवारी चकती धरून बसायचे. तिला पट्टा असतो, धरावी लागत नाही. तरी धरायचे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पाऊण तास सलग माझ्याजवळ कधी बसले नव्हते.”

“आता दहाच मिनिटं लागतात,” बाई म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“हो. ते जरा नुकसानच झालं.”

“म्हणजे तुम्ही मशीनने बऱ्या झालाच नाहीत.”

“ते मला काय ठाऊक? आधी पाच महिने चालूच होतं की. मशीनने झाले, माणसांनी झाले, का दोन्हींनी मिळून झाले, हे तुम्ही शोधायचं. शिकलेल्या तुम्ही. मला एवढंच कळतं की, मशीन बंद होतं हे घरी समजलं तर तो डाग पुसला जाईल. मग मी अकरा वर्षं नुसती लोळत होते, असा अर्थ होईल.”

मग पुढे वाकून ती म्हणाली, “तुमच्या कागदात काय लिहायचं ते लिहा. फक्त घरी कळवू नका.”

पण तेच तर बाईंच्या हातात नव्हतं, आणि तसं त्यांनी तिला सांगितलं. यंत्र बंद आढळलं अशी नोंद झाली की कमिटीच्या ऑफिसातून आठ दिवसांत घरच्या जबाबदार माणसाला पत्र जातं. जबाबदार माणूस म्हणून सही लिफ्टवाल्याची होती. म्हणजे खरं लिहिलं तर हिचं घर जातं. खोटं लिहिलं तर तीस जणांच्या कवट्या त्या खोट्यावर उघडल्या जातात. मधली वाट बाईंनी बसल्या जागी दोनदा शोधली.

प्रश्न ३. जगण्याचा कंटाळा येतो का?

हा प्रश्न बाई नेहमी पेनाचं टोपण चाचपत विचारीत. कागद पुरा करायचा म्हणून त्यांनी तो आजही विचारला.

“पत्र गेल्यावर विचारा,” पडदेवाली म्हणाली.

दार उघडून लिफ्टवाला आत आला. “मॅडम, शिक्का आहेच म्हणतात.”

प्रश्न ४, ५ आणि ६. झोप लागते का, मध्येच मोडते का, पहाटे लवकर जाग येते का?

त्या रात्री बाईंना तिन्हींत पुरे गुण मिळाले असते.

प्रश्न ७. काम होतं का?

गुरुवारी सकाळी बाईंनी एकच ओळ चार वेळा लिहिली.

*रुग्ण क्र. ७: यंत्र चालू. प्रकृतीत लक्षणीय सुधारणा.*

खोडली.

*रुग्ण क्र. ७: यंत्र बहुतांश काळ चालू.*

३६५ मध्ये १५३ म्हणजे बहुतांश कसे, हे पाचवीतलं पोर विचारील. खोडली.

*रुग्ण क्र. ७: माहिती अपुरी.*

माहिती इतकी पुरी आयुष्यात कधी मिळाली नव्हती. खोडली.

*रुग्ण क्र. ७: रुग्णाने स्वतःहून यंत्र बंद केले. २१२ दिवस बंद. प्रकृती उत्तम.*

ही न खोडता त्या आकडेवाल्याच्या खोलीत गेल्या. आकडेवाला त्यांच्याबरोबर वीस वर्षं होता. बाई माणसं तपासायच्या, हा त्यांची बेरीज करायचा. टेबलावर डबा उघडा ठेवून तो पडद्यावर काहीतरी वाचत होता.

“ये. चेहरा का असा? कमिटीने आजच नाही म्हटलं की काय?”

बाईंनी कागद पुढे सरकवला. त्याने वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“सात?”

“सातच.”

“दुसरं कुणी सापडलं नाही यासाठी? काही फरक न पडलेल्या चार नंबरने बंद केलं असतं तर मी पेढे वाटले असते.”

“थट्टा नको करूस.”

“थट्टा नाही, हिशेब सांगतोय. नऊ माणसांत एक म्हणजे वीट नाही गं, खांब असतो. सात धरली तर आपलं म्हणणं उभं राहतं. काढली तर नऊवारी गोंधळ. आणि उलट्या बाजूला लिहिली तर आपणच आपल्याला खोटं पाडतो.”

“मग?”

आकडेवाल्याने डब्याचं झाकण लावलं. “नियमाने बघायचं तर अडचणच नाही. ज्याला जे द्यायचं ठरलं, त्याला ते दिलं असंच धरून मोजायचं. कुणी गोळी घेतली का मोरीत टाकली, ते बघायचं नाही. सगळ्या जगात असंच मोजतात. तिला चालू द्यायचं ठरलं होतं. ती चालू.”

“बंद असूनही चालू.”

“मोजणीपुरती. डबी बंद, रकाना चालू. कुणी बोट ठेवणार नाही. पत्र जाणार नाही, तिचं घर राहील, आपलं काम राहील. तुला तर सोन्यासारखी वाट आहे. तू तोंड वाकडं का करतेस तेच कळत नाही.”

बाई उभ्याच होत्या. त्या तीस जणांच्या याद्या आल्या होत्या. त्यात एक शाळेतली मुख्याध्यापिका होती, एक बेकरीवाला होता, एक बावीस वर्षांची मुलगी होती जिची आई दर सोमवारी फोन करून विचारायची, कधी?

“शंभरात दोघा-तिघांना रक्तस्राव होतो,” त्या म्हणाल्या. “तिसांत एखादा तरी धरून चाल. तो कशासाठी झाला म्हणून सांगू? रकान्यासाठी?”

“आणि सात नंबरला काय सांगशील?”

बाईंनी कागद उचलला. चौथी ओळ तशीच ठेवून अहवाल पाठवून दिला. पाठवल्यावर त्यांना हलकं वाटलं. हातातलं सगळं जाणार, पण आपण खरं बोललो, या विचाराची चव त्यांना आवडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या चवीत पडदेवाली कुठेच नव्हती.

प्रश्न ८. बोलण्यात मंदपणा आहे का?

कमिटीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याच्या आठ बाटल्या, आणि एसी इतका की सगळे बाह्या ओढून बसलेले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त सर्जन. आयुष्यभर कवट्या उघडलेला माणूस. अहवाल त्यांनी बोटाने ओळ धरून वाचला.

बाई घाव झेलायच्या तयारीने ताठ बसल्या होत्या. थांबवा, असं अध्यक्ष म्हणतील. त्या शांतपणे मान हलवतील. एवढं सगळं त्यांनी मनात रंगवून ठेवलं होतं.

“दोनशे बारा दिवस बंद?” अध्यक्ष म्हणाले.

“हो.”

“आणि गुण सहा?”

“सहा.”

अध्यक्षांनी अहवाल खाली ठेवला आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना बघितलं, मुलाचा पहिला नंबर आल्यासारखं. “मग हे तुम्ही असं तोंड पाडून काय सांगताय? पाच महिने करंट दिला, नंतर बंद, आणि तरी बाई ठणठणीत. म्हणजे परिणाम टिकतो. आयुष्यभर चालू ठेवायची गरजच नाही. पाच महिन्यांत मेंदूला वळण लागतं.”

“म्हणजे बॅटरीचाही प्रश्न सुटला,” हॉस्पिटलचा व्यवस्थापक म्हणाला.

“बॅटरी सोडा हो. उपचार म्हणून ही केवढी मोठी गोष्ट आहे. मी तर म्हणतो, सात नंबर हीच या अहवालातली खरी बातमी आहे.” आणि बाईंकडे वळून, “तुमचं मत काय?”

आता बोलायचं होतं. सात नंबर म्हणते की तिला डबीने बरं केलं की घरच्यांनी, ते तिलाच माहीत नाही. ती म्हणते, डोक्याला भोकं पाडल्यावर घरच्यांना ती आजारी असल्याचं पटलं. ते चित्रही तिचं नव्हतं, जे मी दाखवलं. एवढं बोलायचं होतं. तीन वाक्यं. पण ती वाक्यं अहवालात कुठे लिहिणार? कुठल्या रकान्यात? आणि तिने ती कमिटीला नव्हती सांगितली, दार लावून बाईंना सांगितली होती. बाईंना गप्प बसायला एकदम दोन चांगली कारणं सापडली. एक चांगलं कारण सापडलं की माणूस तपासून बघतो. दोन सापडली की बघत नाही.

घड्याळात बघितलं असतं तर अर्धं मिनिट गेलेलं दिसलं असतं.

“शक्यता नाकारता येत नाही,” बाई म्हणाल्या.

आकडेवाला पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होता.

तीस जणांना मंजुरी मिळाली. एकमताने. बाहेर कॉरिडॉरमध्ये बाईंनी आकडेवाल्याला गाठलं.

“तू का नाही काही बोललास?”

“मला काही विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तरी? एकाच माणसावर आकडेशास्त्र काय बोलणार? एकावर फक्त माणसं बोलतात.” दोन पावलं चालून तो थांबला. “शक्यता नाकारता येत नाही हे खरंच आहे म्हणा. पण नाकारता येत नाही असं जगात फार असतं गं.”

प्रश्न ९ ते १६.

बुधवारीच विचारून झाले होते; पुन्हा विचारायचे राहिले. पत्र मात्र नियमाप्रमाणे गेलं.

प्रश्न १७. आपल्याला आजार आहे हे पटतं का?

मंगळवारी लिफ्टवाला एकटाच आला. बसा म्हटलं तरी बसला नाही. पत्र त्याच्या हातात होतं, घडीवर घडी करून काड्यापेटीपेक्षा लहान झालेलं.

“बंद होतं म्हणे.”

“हो.”

“मी सात महिने बंद मशीन चार्ज करत बसलो.”

“तुमची काही चूक नाही. चार्जरवर ते दिसत नाही.”

“तिने बंद केलं?”

बाईंनी एक श्वास घेतला. “कधी कधी आपोआप होतं. दुकानाच्या दारातलं चोर पकडायचं यंत्र असतं, मोठं चुंबक असतं, तशाने.”

हे आधी ठरवलेलं नव्हतं. पण घशातून इतकं सहज निघालं की त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. लिफ्टवाल्याने मान डोलावली. चुंबक त्याला पटण्यासारखं होतं.

“ठीक. बंद झालं. मशीन आहे, होतं बंद. पण मला एक सांगा मॅडम.” तो पहिल्यांदाच समोर बघून बोलला. “लिफ्ट बंद आहे आणि माणसं वरच्या मजल्यावर जातायत. याचा अर्थ काय? जिना होता. मग इतकी वर्षं ती जिन्याने का नाही आली?”

त्याने पत्र टेबलावर ठेवलं.

“मी हिला काही बोललो नाही अजून. पण आई पत्र ऐकून म्हणाली, बघ, मी सांगत नव्हते? आणि ही उठून आत गेली, पलंगावर पडली. काल दिवसभर उठली नाही. आता ही आजारी आहे म्हणू, का आई बोलली म्हणून रुसलीय म्हणू? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी धरून चालीन.”

तो खरंच धरून चालला असता, हे सगळ्यात अवघड होतं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. बिघाड कुठे आहे ते समजलं तर दुरुस्त करू, एवढंच होतं.

खरं उत्तर असं होतं: मला माहीत नाही. ती आजारी होती, ते मला माहीत आहे. कशाने बरी झाली, ते माहीत नाही. हे ऐकून तो घरी गेला असता, आणि सासूबाईंनी ‘माहीत नाही’ हे शब्द पक्के ध्यानात ठेवले असते.

“ती आजारीच होती,” बाई म्हणाल्या. “मशीनने पाच महिन्यांत ते दुरुस्त केलं. परिणाम टिकतो. मोठ्या डॉक्टरांच्या कमिटीनेही तेच म्हटलंय. म्हणून बंद झालं तरी ती चालत राहिली.”

“आणि तो डाग?”

“गेला.”

लिफ्टवाला आता खुर्चीत बसला.

“तसं लेखी द्याल? आईला दाखवायला. नुसतं माझं तोंडचं चालणार नाही.”

बाईंनी हॉस्पिटलच्या छापील कागदावर लिहिलं: *यंत्राचा परिणाम टिकून राहिल्यामुळे, यंत्र बंद असतानाही रुग्णाची प्रकृती उत्तम राहिली.* खाली सही, तारीख, शिक्का. लिफ्टवाल्याने तो कागद घडी न घालता, दोन्ही हातांनी आडवा धरून नेला.

दोन दिवसांनी पडदेवालीचा फोन आला. ती उठली होती. सासूबाईंनी कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवला होता. “मेहरबानी झाली बाई,” ती म्हणाली. बाई वाट बघत होत्या, ती पुढे काही बोलेल म्हणून. आतून कुणीतरी तिला हाक मारली, आणि तिने फोन ठेवला.

त्याच आठवड्यात सविस्तर लेख लिहायचा होता. सहीनिशी एकदा लिहिलेलं वाक्य दुसऱ्यांदा लिहायला फार वेळ लागत नाही. घरी दिलेलं एक आणि छापलेलं भलतंच, असं झालं तर पडदेवाली उघडी पडेल, असं बाईंनी आकडेवाल्याला सांगितलं. यात पडदेवालीसाठी किती आणि आपल्यासाठी किती, हे त्यांनी एकदा मोजून बघायला घेतलं होतं. नंतर दुसरं काम आलं.

कागदाबाहेर.

महिनाभराने लिफ्टवाला आला तो तिघांना घेऊन आल्यासारखा मोठ्याने बोलत. पण होते दोघेच. एक त्याच्याच कामावरचा जोडीदार, जिवंत माणूस असा बसू शकतो यावर विश्वास बसू नये इतका गळून बसलेला, आणि जोडीदाराची बायको, पर्स मांडीवर घट्ट धरून.

“मॅडम, ह्यालाही लावून टाका. चार महिने कामावर नाही. मी म्हटलं, पाच महिन्यांचाच प्रश्न आहे, मग बंद केलं तरी चालतं.”

बाईंनी धोके वाचून दाखवायला सुरुवात केली. रक्तस्राव. जंतुसंसर्ग. तार सरकणं. बोलणं अडखळणं. जोडीदार जमिनीच्या फरशीवरून नजर हलवत नव्हता.

“घरी काय म्हणतात?” वाचता वाचता थांबून बाईंनी विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता.

“काय म्हणणार,” बायको म्हणाली. “हातपाय धड आहेत, ताप नाही, खोकला नाही. सकाळी मी दोन घरची कामं करून येते तरी हा तसाच. माझे भाऊ म्हणतात, कामचुकार आहे.”

जोडीदाराने फरशीवरून नजर उचलली नाही, पण त्याची मान आणखी खाली गेली. बाईंनी फॉर्म बाजूला सारला. टेबलावरून पुढे वाकून त्या जोडीदाराच्या बायकोशी बोलल्या, शक्य तितक्या सावकाश.

“तुम्ही माझं ऐका. हे आजारी आहेत. सोंग नाही. मी तीस वर्षं हेच बघतेय, मला कळतं. तारा घाला, न घाला, हे आज या क्षणी आजारी आहेत. घरी जाऊन भावांनाही सांगा, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.”

जोडीदाराने एकदा बाईंकडे बघितलं.

“फोटो काढलात का तुम्ही?” बायकोने विचारलं. “डोक्याचा?”

“नाही. अजून नाही. पण...”

“मग कशावरून म्हणता?”

लिफ्टवाला मदतीला धावला. “अहो वहिनी, आधी मशीन बसू द्या, मग सगळं दिसतं. आमच्या घरीही असंच होतं.”

बायको बाईंकडे बघत होती. तिचा चेहरा कठोर नव्हता. तिला खरंच काहीतरी हवं होतं, भावांना दाखवता येईल असं.

बाईंनी फॉर्म पुन्हा समोर ओढला, जोडीदाराच्या बोटांत पेन दिलं, आणि सही कुठे करायची ते दाखवलं.